मागच्या सीटवरची हजेरी

१

माझी अँबॅसेडर सकाळी सुरू करायची एक पद्धत आहे. आधी बॉनेट उघडून पाणी आणि ऑइल बघायचं, मग चारही टायर लाथेनं तपासायचे, मग चोक ओढून पाच मिनिटं इंजिन तसंच गुरगुरू द्यायचं. त्या पाच मिनिटांत मी बॉनेटवर डायरी ठेवून लिहितो. तारीख, किलोमीटर, गावाचं नाव, आदल्या दिवशी गाडीचं काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं. शाळा सातवीत सुटली. डायरी एकोणतीस वर्षं सुटलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात अडतीस दिवस ही डायरी मी रोज वेगळ्या गावात लिहिली. रामनगरला माझं गॅरेज आहे. संध्याकाळी सहाला शटर अर्धं ओढलं की माझी मुलगी रक्षा, माझ्या बहिणीचा मुलगा गुणा आणि त्यांचा दोस्त योगेश टायरांच्या मध्ये उभे राहून वाजवायचे. रक्षा गायची आणि बास गिटार वाजवायची, गुणा दुसरी गिटार, योगेश ड्रम. शेजारी म्हणायचे, गुरुदासच्या गॅरेजात रोज संध्याकाळी एक ट्रक मरतो. त्यांनी बँडचं नावही गॅरेजातूनच उचललं, 'डबल क्लच'. पुढे त्यांना लांबून लांबून बोलावणी आली. बेळगाव, नागपूर, रायपूर, पार शिलाँगपर्यंत. पोस्टरवर माझ्या एकाहत्तर सालच्या गाडीचा फोटो होता, म्हणून जायचं तर याच गाडीतून असा त्यांचा हट्ट. ही गाडी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. म्हणून ड्रायव्हर मी.

२

ड्रम टपावरच्या कॅरिअरला बांधलेले. पुढच्या सलग सीटवर मी, योगेश आणि गुणा. मागच्या सीटवर उजवीकडून मध्यापर्यंत मोठा अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर गिटारींच्या पेट्या, टपाला टेकतील इतक्या. डाव्या दारापाशी जेमतेम एका माणसाची कपार उरायची. ती रक्षाची. गोधडी पांघरून ती तिथं झोपायची नाहीतर गुणगुणत बसायची. आरशात मला फक्त पेट्या दिसायच्या. माझी मान आखडलेली असते, मागं वळता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी विजयपूरच्या पुढं एका ढाब्यावर योगेश राहिला. अकरा किलोमीटरवर गुणाच्या लक्षात आलं. परत गेलो तर हा रस्त्याच्या कडेला, कानात साबण.

"मामा, तोंड तरी धुऊ द्यायचं हुतं!"

"गुणाला वाटलं तू मागं रक्षाजवळ कोंबून बसलायस," मी म्हटलं.

"अन् रक्षाला वाटलं मी पुढं बसलोय. ड्रमवाल्याला कुणी इचारतच न्हाई."

त्या दिवसापासून मी हजेरी सुरू केली. किल्ली फिरवायच्या आधी मी "हं" म्हणायचं. गुणा म्हणणार एक, योगेश दोन, रक्षा तीन. रक्षा तीन साधं म्हणत नसे. ती 'ती' लांबवायची आणि 'न' वर नेऊन सोडायची, एखाद्या गाण्याची पहिली ओळ असावी तशी. डायरीत हिशेब आहे, अडतीस दिवसांत हजेरी दोनशे चौदा वेळा झाली. एकदाही चुकली नाही, असं मी तेव्हा लिहिलं.

३

शेवटचा कार्यक्रम कारवारला झाला. दुसऱ्या दिवशी जेवून निघालो, कद्रा, मग अणशीचा घाट. घाट चढला की ही गाडी तापतेच. कुंभारवाडा सोडल्यावर एक मोरी आहे, खालून बारमाही ओढा जातो. तिथं तीन वाजून दहा मिनिटांनी थांबलो. रेडिएटर निवेपर्यंत वीस मिनिटं. रक्षा बाटली घेऊन ओढ्यात उतरली. गुणा आणि योगेश गाडीपुढं सावलीत आडवे झाले. मी इंजिनात वाकलेला. बॉनेट उघडं असलं की गाडीची मागची बाजू दिसत नाही.

मागचं दार वाजलं. त्या दाराला दोनदा आपटावं लागतं, तसं ते दोनदा वाजलं. मी पाणी भरलं, बॉनेट टाकलं, आत बसलो.

"हं."

"एक."

"दोन."

"ती…न."

गाडी निघाली. थोड्या वेळानं मी विचारलं, "बाटली भरलीस काय गं?"

"भरली," मागून आलं.

मग ती गुणगुणू लागली. शिलाँगहून निघाल्यापासून तिच्या डोक्यात एक चाल होती, तिला शब्द सापडत नव्हते. ती चाल. ऊन झाडांतून पट्ट्यापट्ट्यांनी रस्त्यावर पडलं होतं आणि घर दोन तासांवर आलं होतं. मला फार बरं वाटत होतं. हेही डायरीत आहे.

४

जोयड्याला टपरीसमोर गाडी लावली. आम्ही तिघं उतरलो. रक्षा उतरली नाही, मागून गुणगुणणं चालू होतं. चहा हातात येतो न येतो तोच मागून आलेला एक टेम्पो थांबला. यशवंत, रामनगरचाच, विटांची गाडी चालवतो.

"गुरुदास, पोरगीला जंगलात सोडून चहा प्यालास व्हय रे?"

"ती मागं हाय गाडीत."

"मग मोरीवर कोण उभी हाय? मी टेम्पो थांबवला, चल बाई म्हटलं, तर म्हणती अप्पा येत्यात."

गुणा हसला. "यशवंतकाका, दुपारीच टाकलासा काय?"

"अरे, लहानपणापासून बघालोय तिला. केस ओले, त्यो निळा शर्ट. माझ्या आईची शपथ."

"ही ऐक की," मी म्हटलं. "गुणगुणालीया."

यशवंतनं मान वाकडी केली. त्याला ऐकू आलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. "रेडिओ असंल," तो म्हणाला.

माझ्या गाडीत रेडिओ नाही.

मी ग्लास ठेवला आणि मागच्या दाराकडं गेलो. मुठीला हात लावला तसं गुणगुणणं थांबलं. दार उघडलं. कपार रिकामी होती. गोधडी मध्ये दबलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. खाली बाटली, गच्च भरलेली, बाहेरून ओली.

मी डोळ्यांवर विश्वास ठेवला. अडतीस दिवस कानांवर ठेवत आलो होतो.

५

गाडी वळवून परत मोरीकडं निघालो.

"मामा," योगेश म्हणाला, "मग तीन कोण म्हणालं?"

"तू ऐकलंस काय?"

"ऐकलं की."

"सवय झालीया कानाला," गुणा म्हणाला. "रोज ऐकून ऐकून. बाटली ती ठेवून परत खाली गेली असंल. दार त्याचंच वाजलं."

हे कारण चांगलं होतं. मी ते घेतलं आणि त्याला धरून गाडी चालवली.

मोरीच्या दीड किलोमीटर अलीकडं ती दिसली. रस्त्याच्या मधून आमच्याकडं चालत येत होती. मी गाडी थांबवून धावलो. तिनं दोन्ही हातांनी माझ्या छातीवर मारलं.

"मला सोडून गेलासा व्हय अप्पा? सोडून गेलासा?"

ती रडत होती. केस ओले होते, त्यांना ओढ्याच्या पाण्याचा वास येत होता. मी तिला धरलं. खांदे गरम होते, हाडं होती, हुंदक्यानं ती हलत होती. बापाला आणखी काय लागतं?

मागं गुदमरतं म्हणून ती पुढं बसली आणि गुणा मागं गेला. मी हजेरी घेतली. मागून "एक", शेजारून "दोन", आणि रक्षा म्हणाली, "तीन." नुसतं, कुणीही म्हणेल तसं. रुसली असणार.

गणेशगुडीच्या पुलाजवळ गुणानं गाडी थांबवायला लावली. उतरून पुढं आला आणि योगेशच्या मांडीवर अर्धा बसला.

"अरे, मागं जागा हाय की."

"न्हाई मामा," तो म्हणाला. "मागं अडचण होतीया."

रामनगर येईपर्यंत आम्ही चौघं पुढं बसलो. गुणाला मी नंतर कधी काही विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

६

घरी आल्यावर सगळं नीट झालं. माझी बायको शांती हिनं लेकीची दृष्ट काढली. रक्षा दोन दिवस झोपली. मग जेवू लागली, भांडी घासू लागली, आईशी भांडू लागली. चौथ्या दिवशी बँडची तालीम होती. तालीम संपल्यावर तिच्या बोटांना फोड आले.

बास गिटारच्या तारा जाड असतात. सहा वर्षांत तिच्या बोटांना घट्टे पडले होते, मिरचीत हात घातला तरी झोंबत नाही म्हणायची. मी बोटं हातात घेऊन बघितली. मऊ होती. लहान मुलाची असतात तशी.

"घट्टे कुठं गेले गं?"

"पाण्यात बसले हुते ना त्या दिवशी. मऊ पडले असतील."

पाण्यात घट्टे मऊ पडतात. खरं आहे. मी तसं लिहून ठेवलं. आठवड्यानं विचारलं, ती चाल कुठवर आली?

"कुठली चाल?"

ती थट्टा करत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, ती माझ्या आईच्या कपाळावर पडायची तशीच. ती बघून मला अपराध्यासारखं वाटलं आणि मी म्हटलं, जाऊ दे.

गाडीचं निराळंच. सामान उतरवल्यावर ती गॅरेजात सरळ उभी राहायला हवी होती. मागचा डावा कोपरा खाली होता. टेपनं मोजलं. जमिनीपासून मडगार्डपर्यंत उजवीकडे साडेतेवीस इंच, डावीकडे पावणेतेवीस. चाकावरच्या स्प्रिंगचे पाटे बसले असतील म्हणून डाव्या बाजूचे पाटे काढून नवीन टाकले. पुन्हा मोजलं. साडेतेवीस, पावणेतेवीस.

एक सडपातळ मुलगी मागं डावीकडे बसली की गाडी एवढीच बसते. हे मला मोजून ठाऊक होतं, आणि मोजायला नको होतं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

७

दुपारी जेवणानंतर गॅरेजात कुणी नसतं. सतरा जानेवारीला मी गाडीत पुढं बसलो. समोर बघत राहिलो. मग स्वतःच म्हटलं, "हं. एक. दोन."

दोन सेकंद गेले.

"ती…न."

माझ्या मानेमागं, हातभर अंतरावर. 'न' वर गेला आणि सुटला. मी उडी मारून दार उघडलं. कोणी नव्हतं. गोधडीत हात घातला, ऊब होती.

त्यानंतर रोज दुपारी बसू लागलो. मी काही विचारलं तर उत्तर यायचं नाही. भूक लागलीय काय, थंडी वाजते काय, मी कितीतरी विचारलं. फक्त हजेरीला ती ओ द्यायची. कधी कधी ती चाल गुणगुणायची, त्याच जागी अडायची, पुन्हा पहिल्यापासून. मी मागं बघायचं नाही, एवढं मला कळलं होतं.

आणि ती लांब जात होती. माझ्या घड्याळात सेकंदकाटा आहे. सतरा जानेवारीला 'तीन' यायला दोन सेकंद. पंचवीसला नऊ. दोन फेब्रुवारीला चाळीस. नऊ फेब्रुवारीला एक मिनिट दहा सेकंद, आणि आवाज असा की गोधडीच्या खालून, गोधडीच्या खाली आणखी काही असेल तर त्याच्याही खालून यावा.

त्या दिवशी शांती चहा घेऊन आली आणि दारात उभी राहिली.

"कुणाशी बोलालासा?"

"गाडीशी."

"खोटं नका बोलू. मला पण ऐकू येतंय." तिनं चहा बॉनेटवर ठेवला. "पापड वाळत घालाय आले हुते, तवापास्नं ऐकालेय."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"मग तू काहीच कशी बोलली न्हाईस?"

"काय बोलू? घरातली पोरगी सकाळी उठली की भाकरी मागती. भांडती. काल ताप हुता, रातभर माझा हात धरून ठेवलान. ही कधी काय मागती काय तुमाला?"

"न्हाई."

"मग? जी मागती तिला मी घालणार. मला त्याच्या फुडलं इचारू नका."

जाताना ती मागच्या दारापाशी थांबली. काचेला तळहात लावला, क्षणभर. काचेतून आत बघितलं नाही.

८

मला एकच सुचत होतं. चूक मोरीवर झाली होती, तर ती मोरीवरच उलटवायची. जिला तिथून आणलं तिला तिथं सोडायचं, आणि जी मागं आहे ती पुन्हा दिसेल, बोलेल, भाकरी मागेल. हे लिहिताना किती वेड्यासारखं दिसतं ते मला कळतं. पण मिनिट दहा सेकंद झाले होते. आणखी आठवड्यानं मी दोन म्हणून थांबलो असतो आणि काहीच आलं नसतं.

दहा फेब्रुवारीला दुपारी रक्षाला म्हटलं, चल, गाडी फिरवून आणू. ती पुढं बसली. जगलबेट गेलं, गणेशगुडी गेलं, जोयडा गेलं. तिनं कुठं चाललोय ते विचारलं नाही. तीनच्या सुमारास मोरीवर पोचलो. गाडी पुढं नेऊन वळवून घेतली, तोंड घराकडं केलं, इंजिन बंद केलं.

"उतर."

ती उतरली. दार हळूच लावलं आणि कठड्याजवळ जाऊन उभी राहिली, फोटो काढायला उभं करतात तशी. मी समोर बघत म्हटलं, "हं. एक. दोन."

"ती…न."

लगेच. अर्धा सेकंदही नाही. स्वच्छ, ताजा, घाट चढून आल्यावरचा आवाज. मी किल्ली फिरवली.

रक्षा खिडकीशी आली. तिनं काचेच्या कडेवर बोटं ठेवली. चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या. फोड फुटले तरी ती रोज वाजवत होती.

"अप्पा, मी हितं राहिले तर तुमाला बरं वाटंल काय?"

मी त्या चिकटपट्ट्यांकडं बघत राहिलो.

"मला कळतंय तुमी बोटं का बघतासा ते. मला सांगाय येत न्हाई. त्या दिवशी मी मागंच झोपले हुते, अप्पा. गोधडी घेऊन. तुमी बाटलीचं इचारलासा, मी भरली म्हटलं." तिनं काचेची कड धरली. "मग डोळं उघडलं तर रस्त्यावर हुते. चालालते. त्याच्या मधलं मला काय न्हाई. खरंच न्हाई. मी दुसरी कुणी असले तर मला तरी ठाऊक पायजे हुतं की."

बाटलीचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित गुणानं सांगितलं असेल. कदाचित योगेशनं.

मागून ती चाल सुरू झाली. अडायची त्या जागी आली, आणि पहिल्यांदाच पुढं गेली. रक्षाला ऐकू येत होतं की नाही, ते मला तिच्या तोंडावरून समजेना. ती फक्त माझ्याकडं बघत होती. नाक गळत होतं, ते तिनं मनगटानं पुसलं.

मी वाकून पुढचं दार उघडलं.

ती बसली. मी गिअर टाकायला हात उचलला आणि मागचं डावं दार उघडल्याचा आवाज आला. मग ते लागलं, दोनदा. गाडीचा मागचा कोपरा वर आला. पाऊण इंच म्हणजे फार नव्हे, पण बसल्या जागी मला तो कळला.

गाडी निघाली. मागच्या सीटवर आता पेट्या नव्हत्या, आरसा मोकळा होता. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. वळण यायच्या आधी बघितलं. खांद्यावर गोधडी घेतलेली एक आकृती रस्त्यात उभी होती. चेहऱ्यावर झाडाची सावली होती. ती धावली नाही, हात केला नाही. रस्ता तिथं अरुंद आहे. मी गाडी वळवून तिला घ्यायला परत येण्यासाठी पुढं जातोय असं तिला वाटलं असावं. ती कडेला सरकून माझ्यासाठी जागा करून देत होती.